चोवीस तासांची माउंटन बाइक रिले शर्यत

डोंगराळ, जंगली किंवा वाळवंटी भागात आखलेल्या बंदिस्त मार्गावर, संघातील सायकलस्वारांनी आळीपाळीने फेऱ्या मारत सलग चोवीस तास चालू ठेवायची शर्यत. संघ बहुधा चौघांचा असतो. दोघांचे आणि पाच जणांचे संघही असतात. एका वेळी संघातील एकच स्वार मार्गावर असतो आणि तो परत आल्यावरच पुढच्याला निघता येते. चोवीस तासांत सर्वाधिक फेऱ्या पूर्ण करणारा संघ जिंकतो. फेऱ्या सारख्याच झाल्या, तर ज्याने त्या आधी संपवल्या तो वरचा क्रमांक घेतो. या शर्यतींत नावाजलेले स्वारही उतरत आले आहेत, परंतु मैदान भरते ते नोकरी-व्यवसाय सांभाळून सुटीच्या दिवशी सायकल चालवणाऱ्या हौशी मित्रमंडळींनी, आणि शर्यतीची रचनाही मुख्यतः त्यांनाच सोयीची आहे.

माउंटन बाइकिंग १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात आकाराला आले आणि १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने मान्यता दिलेली पहिली जागतिक स्पर्धा झाली. तोपर्यंत या खेळाची रूढ शर्यत म्हणजे दीड-दोन तासांची, चढउतारांच्या रानवाटांवरून एकट्याने सायकल चालवायची क्रॉसकंट्री होती. तीत पहिले दहा-वीस जण सोडले, तर बाकीचे कितवे आले याच्याशी त्यांच्या घरच्यांखेरीज कोणालाही देणेघेणे नसे. १९९२ मध्ये लेअर्ड नाइट या आयोजकाने अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील कनेन व्हॅली परिसरात ‘२४ अवर्स ऑफ कनेन’ ही शर्यत भरवली आणि फ्रान्समधील ल मां येथे १९२३ पासून चालत आलेल्या मोटारींच्या चोवीस तासांच्या शर्यतीचा साचा सायकलीला लावला. मोटार एकच आणि चालक अनेक, अशी ल मांची रीत होती. येथे सायकली अनेक, पण मार्गावरची जागा एकच, असा बदल झाला. या बदलामुळे एकाकी खेळ सांघिक झाला आणि मध्यम कुवतीच्या स्वाराची फेरीही निकालात मोजली जाऊ लागली. या शर्यतप्रकाराचे यश मुख्यतः यातच आहे. चोवीस तासांचा थरार ही त्यावरची सजावट म्हणावी लागेल.

शर्यत सहसा शनिवारी दुपारी बारा वाजता सुरू होते आणि रविवारी दुपारी बाराच्या सुमारास संपते. प्रारंभाची पद्धतही ल मांहून उचललेली आहे. स्वार सायकलीपासून काही अंतरावर उभे राहतात, इशारा होताच धावत सुटतात, आपली सायकल शोधून तीवर बसतात आणि मार्गाला लागतात. मोटारींच्या शर्यतीत धावत येऊन गाडीत बसण्याची ही प्रथा १९६९ नंतर सुरक्षिततेच्या कारणाने मोडीत निघाली, परंतु सायकलींच्या शर्यतीत तिला व्यावहारिक कारण आहे. मार्गाचा बराच भाग सिंगलट्रॅक, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल एवढी अरुंद पाऊलवाट असतो. शेकडो सायकली एकदम तिच्या तोंडाशी पोहोचल्या तर कोंडी होते. धावण्यात मागे-पुढे झाले की रांग आपोआप लांबते. म्हणूनच अनेक संघ पहिल्या फेरीला आपला सर्वांत वेगवान गडी पाठवतात.

फेरी साधारणतः दहा ते पंचवीस किलोमीटरांची असते. अदलाबदल एका खास तंबूत होते. आलेला स्वार सायकलवरून उतरून आत येतो, पंचांच्या टेबलाशी संघाचा क्रमांक आणि वेळ नोंदवली जाते, आणि हातातला बॅटन (काही शर्यतींत त्याऐवजी घोट्याला बांधायची इलेक्ट्रॉनिक चकती) पुढच्याच्या स्वाधीन होतो. दुपारी हे काम काही सेकंदांत उरकते. पहाटे तीन वाजता मात्र त्याच तंबूत वेगळे दृश्य असते: चिखलाने माखलेला स्वार आत येऊन संघाचा क्रमांक पुकारतो, उत्तर येत नाही, आणि त्याचा जोडीदार दोनशे मीटरवरच्या तंबूत स्लीपिंग बॅगमध्ये घोरत पडलेला असतो. अशा वेळी वाया जाणारी दहा-बारा मिनिटे कोणत्याही उतारावर वेग वाढवून भरून काढता येत नाहीत. अनुभवी संघ त्यामुळे पुढच्या गड्याला उठवण्याची जबाबदारी नेमून देतात आणि बहुधा ती नुकत्याच परतलेल्याकडे नव्हे, तर त्याच्या आधी फेरी केलेल्याकडे सोपवतात.

फेऱ्यांचा क्रम लावणे हा या शर्यतीचा खरा हिशेब आहे. चौघांच्या संघाला एका फेरीस सव्वा तास लागतो असे धरले, तर प्रत्येकाला दोन फेऱ्यांमध्ये पावणेचार तास मिळतात. त्यातून ओले कपडे बदलणे, जेवणे, सायकल धुऊन साखळीला तेल देणे, दिव्याची बॅटरी चार्जिंगला लावणे आणि पुढच्या वेळी पाव तास आधी तंबूत हजर होणे एवढे वजा केले की झोपेला जेमतेम दोन तास उरतात. यावर उपाय म्हणून रात्री एकाने सलग दोन फेऱ्या मारायच्या असे काही संघ ठरवतात. मग विश्रांती साडेसात तासांची होते, पण दुसऱ्या फेरीत पाय जड पडून वेळ वाढते. याच गतीने एकोणिसावी फेरी शर्यत संपायला पंधरा मिनिटे असताना पूर्ण होते. विसावीसाठी कोणाला पाठवायचे की नाही, हे त्या शर्यतीच्या नियमावर अवलंबून असते. काही ठिकाणी बाराच्या आत सुरू झालेली फेरी ठरावीक मुदतीत संपवली तर धरली जाते, काही ठिकाणी बाराच्या आत संपलेलीच मोजतात. पहिला नियम असेल, तर रविवारी पावणेबारा वाजता चार थकलेले मित्र एकमेकांकडे पाहू लागतात आणि आठवडाभर आखलेला क्रम त्या क्षणी निरुपयोगी ठरतो.

मार्गावर बाहेरची मदत सामान्यतः घेता येत नाही. पंक्चर काढणे, तुटलेली साखळी जोडणे, वाकलेला डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) हाताने सरळ करणे हे स्वाराने स्वतःच करायचे असते. काहीच जमले नाही, तर सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन फेरी पुरी करायची असते. स्वार जायबंदी झाला, तर बहुतेक नियमावल्यांत पुढचा गडी सुरुवातीपासून निघू शकतो, मात्र अर्धवट राहिलेली फेरी संघाच्या खात्यात जमा होत नाही.

रात्र हा शर्यतीचा महत्त्वाचा भाग असतो आणि दिव्यांच्या इतिहासाशी तिचा जवळचा संबंध आहे. सुरुवातीच्या वर्षांत हॅलोजन दिवे आणि जड शिसे-आम्ल किंवा निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वापरल्या जात. त्या फार काळ टिकत नसत आणि चार्जिंगसाठी जनरेटर लागत असे, त्यामुळे बॅटऱ्यांचे वेळापत्रक स्वारांच्या वेळापत्रकाइतकेच महत्त्वाचे असे. पुढे हाय-इंटेन्सिटी डिस्चार्ज (वायूतून वीज नेऊन प्रखर उजेड पाडणारे) दिवे आले आणि त्यानंतर लिथियम बॅटरीवरच्या एलईडी दिव्यांनी हा प्रश्न बराचसा सोडवला. स्वार दोन दिवे लावतात आणि दोन्हींचे काम वेगळे असते. हँडलवरचा दिवा खालून प्रकाश टाकतो, त्यामुळे दगड आणि मुळांच्या सावल्या लांब पडतात आणि उंचसखलपणा कळतो. हेल्मेटवरचा दिवा नजर वळेल तिकडे वळतो, म्हणून वळणापलीकडची वाट आधी दिसते. केवळ हेल्मेटच्या दिव्यावर विसंबले तर सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि खड्डा सपाट जमिनीसारखा दिसतो.

प्रत्येक ठिकाणची अडचण निराळी आहे. कनेनच्या मार्गावर ओली मुळे, निसरडे दगड आणि चिखल होता. ही शर्यत पुढे त्याच राज्यातील स्नोशू येथे गेली. १९९५ मध्ये यूटा राज्यातील मोॲबला सुरू झालेल्या शर्यतीत तांबडी वाळू आणि उघडे खडक होते. ॲरिझोनातील टूसॉनच्या उत्तरेस २००० पासून फेब्रुवारीत होणारी ‘२४ अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो’ सोनोरन वाळवंटात भरते. तेथे रात्री कडाक्याची थंडी पडते आणि वाटेच्या कडेला चोया नावाचा निवडुंग असतो, ज्याच्या काटेरी गाठी नुसत्या स्पर्शाने सुटून कातडीत रुततात. बोटांनी उपटायला गेल्यास त्या बोटांत अडकतात, म्हणून जाणते स्वार खिशात कंगवा ठेवतात आणि गाठीखाली तो सरकवून ती झटक्यात उडवतात. ब्रिटनमधील ‘माउंटन मेहेम’ १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि तिच्या ओल्या वर्षांतील चिखल तेथील सायकलस्वारांच्या बोलण्यात कायमचा जाऊन बसला. स्कॉटलंडच्या उत्तर भागातील ‘स्ट्रॅथपफर’ ही शर्यत जानेवारीत होते. त्या अक्षांशावर तेव्हा रात्र सुमारे सतरा तासांची असल्याने बहुतेक फेऱ्या अंधारातच होतात, आणि बर्फ गोठलेल्या वर्षी खिळ्यांचे टायर बसवणाऱ्यांची सरशी होते.

स्पर्धकांचे गट पुरुष, महिला, मिश्र असे असतात. काही शर्यतींत संघातील सर्वांच्या वयांची बेरीज करून गट पाडले जातात, ज्यामुळे पन्नाशीतील चार मित्रांना आपल्याच वयाच्या मंडळींशी टक्कर देता येते. संघनिवडीत वेगापेक्षा सातत्य मोलाचे ठरते. पहिल्या फेरीला सर्वांत जलद आणि चौथ्या फेरीला गळून गेलेला गडी असण्यापेक्षा चारही फेऱ्या सारख्या वेळात काढणारा गडी केव्हाही बरा. मैत्री आणि निवड यांचा येथे सांधा जुळतोच असे नाही. एखादा चांगला मित्र संथ असतो, एखादा वेगवान स्वार स्वयंपाक, भांडी, तंबू यांतल्या कशालाही हात लावत नाही. आणि शर्यतीतील बरीचशी कुरबुर पायवाटेवर नव्हे तर तळावर होते. तळ म्हणजे एक तात्पुरते गावच असते: तंबू, शेगड्या, सायकल टांगून दुरुस्त करायचे स्टँड, मुले आणि कुत्री. संघाबरोबर आलेले जे लोक सायकल चालवत नाहीत, पण मध्यरात्री गरम सूप हातात देतात आणि गजर लावतात, त्यांचे नाव निकालपत्रकात येत नाही. ही त्या निकालपत्रकाची उणीवच आहे.

या सांघिक शर्यतीतून एकट्याने चोवीस तास चालवण्याचा प्रकार जन्मला. १९९६ मध्ये जॉन स्टॅमस्टॅड या अमेरिकी स्वाराने कनेनच्या शर्यतीत एकट्यासाठी गटच नसल्याने आपल्याच नावाची चार वेगवेगळी रूपे लिहून चौघांचा संघ म्हणून नोंदणी केली आणि सर्व फेऱ्या स्वतःच मारल्या. त्यानंतर एकट्यांचा गट रीतसर सुरू झाला आणि त्याच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धाही होऊ लागल्या. त्या गटाला प्रसिद्धी अधिक मिळाली, तरी तळावर गर्दी राहिली ती संघांचीच.

महाराष्ट्रात या घडणीच्या जवळ जाणारे दोन प्रकार परिचित आहेत. पुण्याजवळ सह्याद्रीत होणाऱ्या ‘एंड्युरो३’ या साहसी शर्यतीत तिघांचा संघ सायकल आणि पायपीट यांसह अनेक टप्पे पार करतो, परंतु तेथे तिघांनी बरोबर राहायचे असते, आळीपाळीने नव्हे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. ती रिले पद्धतीचीच होय, मात्र ती डांबरी रस्त्यावरून एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाते आणि स्वारामागे मदतीची गाडी असते.

चोवीस तासांच्या शर्यतींचा बहर २००० च्या दशकानंतर ओसरला. मोॲबची शर्यत २०१२ नंतर झाली नाही. रात्रभर मार्गावर स्वयंसेवक, डॉक्टर आणि पंच तैनात ठेवण्याचा खर्च मोठा असतो, आणि खडी-मातीच्या रस्त्यांवरील लांब पल्ल्याच्या शर्यतींकडेही अनेक स्वार वळले. त्याच नियमांवर चालणाऱ्या सहा आणि बारा तासांच्या शर्यती मात्र अनेक ठिकाणी भरतात. त्यांत फेऱ्या, बॅटन आणि अदलाबदलीचा तंबू तसेच राहतात, आणि सहा तासांच्या प्रकारात दिव्यांची व झोपेच्या वेळापत्रकाची गरज उरत नाही.