दागेस्तान: भाषांचा चढ-उतार

कॉकेशस पर्वताच्या पूर्व टोकाला, कॅस्पियन समुद्राच्या काठावर दागेस्तान हे रशियातले एक प्रजासत्ताक आहे. क्षेत्रफळ सुमारे ५०,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जवळपास ३२ लाख. एवढ्या जागेत तीसहून अधिक भाषा नांदतात. अवार, दार्गिन, कुमिक, लेझगिन, लाक, तबासरान हे मोठे समाज, आणि त्यांच्या आजूबाजूला अशाही भाषा आहेत की त्या बोलणारे सगळे लोक एका गावात मावतील. हिनुख भाषा बोलणारे जेमतेम सहाशेच्या आसपास आहेत. मध्ययुगातल्या अरब लेखकांनी या मुलखाला ‘भाषांचा पर्वत’ म्हटले, ते उगाच नाही.

इतक्या भाषा कशा झाल्या, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: डोंगरदऱ्यांमुळे गावे एकमेकांपासून तुटली, आणि ज्याची त्याची बोली वेगळी होत गेली. मला हे उत्तर अपुरे वाटते. कारण दागेस्तानचा डोंगरी माणूस कधीच एका जागी अडकून पडलेला नव्हता. त्याचे पोटच त्याला हिंडवत होते.

त्यासाठी आधी तिथला भूगोल पाहायला हवा. अरबी भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियाला रेटतो आहे आणि त्या दाबाने कॉकेशस उचलला गेला. अझरबैजानच्या सीमेवरचे बाझारद्यूझ्यू शिखर ४,४६६ मीटर उंच आहे, आणि कॅस्पियनचे पाणी तर समुद्रसपाटीच्याही सुमारे २८-२९ मीटर खाली. हा सगळा उतार शंभरेक किलोमीटरच्या आत संपतो. मधल्या चुनखडीच्या पठारांना सुलाक नदीने चिरून काढले आहे. तिच्या घळीची खोली काही ठिकाणी १,९०० मीटरपर्यंत जाते. शिवाय बाहेरच्या डोंगररांगा पावसाचे ढग अडवतात, त्यामुळे आतल्या दऱ्या कोरड्या आणि उबदार राहतात. तिथे जर्दाळूच्या बागा आहेत. उतारांवर हजारो वर्षांपासून पायऱ्या-पायऱ्यांची शेती होत आली आहे. त्याच्या वर उन्हाळी कुरणे, आणि खाली किनाऱ्यालगत सपाट, सौम्य हिवाळ्याची गवताळ जमीन.

आता वरच्या गावाचा हिशेब मांडून पाहा. उन्हाळ्यात गवत भरपूर, पण हिवाळ्यात कित्येक महिने बर्फ. मेंढ्यांना चारा कुठून आणायचा? धान्यही वर्षभर पुरत नाही. म्हणून शरद ऋतूत कळप मैदानात उतरतात आणि वसंत सरताना पुन्हा वर चढतात. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे आपले धनगर आठवले, तर ही लय लगेच कळेल. मैदानातल्या त्या हिवाळी वस्त्यांना तिथे ‘कुतान’ म्हणतात. धान्यासाठीही बाजार खालीच भरायचा, आणि मजुरीही खालीच मिळायची.

खाली जायचे तर खालच्यांची भाषा यायला हवी. दागेस्तानच्या गावोगाव हिंडून संशोधकांनी वयस्कर माणसांना त्यांच्या आजी-आजोबांविषयी विचारले: त्यांना कोणकोणत्या भाषा येत होत्या? उत्तरांतून एक ढोबळ नियम दिसला. वरच्या गावातल्या माणसाला खालच्या शेजाऱ्याची भाषा येत असे, खालच्याला मात्र वरच्याची क्वचितच. अर्ची हे त्याचे उत्तम उदाहरण. हजारभर लोकांची ही भाषा, पण तिथल्या जुन्या पिढीत अवार आणि लाक या दोन्ही शेजारभाषा येणारे पुष्कळ होते. त्यांची स्वतःची भाषा तर व्याकरणाचे आश्चर्य आहे. रशियन भाषाशास्त्रज्ञ अलेक्सांद्र किब्रिक यांनी हिशेब केला, तेव्हा एका क्रियापदाची शक्य रूपे पंधरा लाखांवर गेली. एवढी गुंतागुंतीची भाषा घरी आणि आणखी दोन बाजारात! खाली मैदानात कुमिक, दक्षिणेत अझरबैजानी आणि वायव्येच्या डोंगरात अवार या अनेकांच्या समाईक भाषा होत्या. विद्येसाठी अरबी होतीच.

मग एवढ्या येण्याजाण्यात छोट्या भाषा विरघळल्या का नाहीत? माझ्या मते याचे उत्तर लग्नात आहे. बाजार परगावी, पण सोयरीक शक्यतो गावातच, अनेकदा भावकीतच. पुरुष भाषा शिकून यायचा; परकी भाषा बोलणारी सून मात्र घरात येत नसे. त्यामुळे मुलांच्या कानावर पहिली भाषा गावाचीच पडायची. जनुकीय अभ्यासांतही हीच खूण दिसते: कुबाची गावातल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांचे वाय गुणसूत्र (जे बापाकडून मुलाकडे जाते) एकाच मोठ्या गटातले आहे, आणि कॉकेशसमध्ये भाषांचा वंशवृक्ष व जनुकांचा वंशवृक्ष बराच जुळतो.

गावाची कलाही अशीच घरात राहिली. कुबाचीचे लोक मध्ययुगात चिलखते घडवत, पुढे तलवारी आणि बंदुका सजवू लागले, आणि आज त्यांचे चांदीचे नक्षीकाम प्रसिद्ध आहे. बलखारमध्ये बायका मातीची भांडी घडवायच्या आणि पुरुष ती गाढवांवर लादून गावोगाव विकायचे. उंत्सुकुलचे कारागीर लाकडात धातूची तार ठोकून नक्षी करतात. अंदी भागातला लोकरी नमद्याचा झगा, बुर्का, साऱ्या कॉकेशसच्या घोडेस्वारांनी अंगावर घेतला. तबासरान बायकांचे गालिचे वेगळेच. प्रत्येक गावाकडे एक वस्तू, आणि बाकी सगळ्यासाठी शेजारी. असा शेजार असला की त्याची भाषा शिकणे ओघाने आलेच.

विसाव्या शतकात ही घडी मोडली. १९३० च्या दशकात शाळा पसरल्या आणि रशियन सर्वांची समाईक भाषा झाली. शेजाऱ्याची भाषा शिकण्याची गरज दोन पिढ्यांत संपली. १९४४ मध्ये चेचेन लोकांना हद्दपार केल्यावर त्यांच्या रिकाम्या गावांत दागेस्तानी डोंगरी लोकांना सक्तीने नेऊन बसवले गेले. चेचेन १९५७ पासून परतू लागले तेव्हा या दागेस्तानी लोकांना पुन्हा उठावे लागले. १४ मे १९७० च्या भूकंपात अनेक गावे उद्ध्वस्त झाली. माणसे उतरत राहिली, आणि ज्या कुतानांवर केवळ हिवाळा काढायचा, त्यांतली कित्येक कायमची गावे बनली. आता तिथे जमिनीवर हक्क कुणाचा, हा मैदानातले कुमिक व नोगाई आणि वरून आलेले डोंगरी समाज यांच्यातला कडवट वाद आहे. पशुपालनाच्या जुन्या लयीतून उभा राहिलेला हा वाद मला दागेस्तानच्या राजकारणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आजची अर्थव्यवस्थाही खालीच झुकली आहे. राजधानी मखाचकलाचे हिवाळ्यातही न गोठणारे बंदर, देरबेंतच्या आसपासचे द्राक्षमळे, किझल्यारची ब्रँडी. डोंगरातून येणारी मोठी गोष्ट म्हणजे वीज: सुलाकवरचे चिर्केय धरण २३२.५ मीटर उंच असून त्याची क्षमता १,००० मेगावॉट आहे. प्रजासत्ताकाचा अर्थसंकल्प मात्र मोठ्या प्रमाणात मॉस्कोच्या अनुदानावर चालतो, आणि तरुण कामासाठी रशियाच्या इतर शहरांत जातात.

मेंढ्यांच्या संख्येत दागेस्तान अजूनही रशियात आघाडीवर आहे. कळप आता पुष्कळदा ट्रकमधून चढतात-उतरतात, आणि मेंढपाळाला वाटेत रशियनखेरीज दुसरी भाषा लागत नाही. चौदा भाषांना इथे अधिकृत दर्जा आहे, त्यांत वर्तमानपत्रे आणि पाठ्यपुस्तके निघतात. पण हिनुख किंवा अर्चीसारख्या भाषा त्या यादीत नाहीत. अशा भाषांची सगळी भिस्त अजून वर राहिलेल्या घरांवर आहे.