पोलिसांचं खाजगी पिस्तूल चोरीला गेलं तर काय करायचं, कागद कुठले लागतात आणि अर्ज कुठे अडकतो

आधी एक क्लिअर करून घ्या. सर्व्हिस पिस्तूल वेगळं आणि स्वतःच्या पैशाने घेतलेलं वेगळं. ड्युटीसाठी सरकारने दिलेल्या हत्याराला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मुळे लायसन लागत नाही, पण स्वतःचं रिव्हॉल्व्हर घेतलंत की मग तुम्ही शिपाई असा नाहीतर एसीपी (सहायक पोलीस आयुक्त), तुम्ही बाकीच्यांसारखे साधे लायसनधारक. निम्मे घोळ इथूनच सुरू होतात, कारण "आपल्याला कोण विचारणार" म्हणून फॉर्म कसातरी भरला जातो आणि मग तोच परत येतो.

नवीन लायसनचा अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मेडिकल सर्टिफिकेट, आणि नोकरीत आहात म्हणून वरिष्ठांमार्फत ना-हरकत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं आणि लायसन पाच वर्षांचं. इथपर्यंत सोपं आहे.

अडतं ते हत्यार सुरक्षित ठेवण्याच्या हमीपत्रावर. लोक न वाचता सही ठोकतात. तुम्ही राहता क्वार्टरमध्ये किंवा बॅरेकमध्ये, तिथे भिंतीत पक्कं बसवलेलं लॉकर आहे का? पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप लावून भागवू नका, चोर अख्खी ट्रंक उचलून नेतो. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा, आणि किल्ली देवघरात नको, ती घरात सगळ्यांना माहीत असते.

गाडीचं तर विचारूच नका. २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये (अंगावर लावायच्या पिस्तुलाच्या कव्हरात), पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात राहील असं असलं पाहिजे असं लिहिलंय. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून तुम्ही लग्नाला जेवायला गेलात तर तो ताबा कसला? लांब रजेवर जाताय तर पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करा, पावती घ्या. पावती नसेल तर जमा केल्याला काही अर्थ नाही.

दुसरा घोळ बदलीचा. मुक्काम ३० दिवसांपेक्षा जास्त हलला आणि हत्यार सोबत नेलं, तर ३० दिवसांच्या आत नवीन ठिकाणच्या आणि जुन्या, दोन्ही लायसन अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. बदलीची ऑर्डर आस्थापना शाखेत असते म्हणजे कळवलं असं होत नाही हो! चोरी जुन्या पत्त्याच्या लायसनवर झाली की पहिला प्रश्न हाच येतो आणि उत्तर कोणाकडेच नसतं.

आता खरंच चोरी झाली तर. जवळच्या ठाण्यात ताबडतोब जा. ताबडतोब म्हणजे आधी दोन दिवस स्वतः शोधून, मग साहेबांना तोंडी सांगून, मग बदनामी नको म्हणून अजून थांबून नाही. वरिष्ठांना दिलेला रिपोर्ट हा विभागासाठी, एफआयआर वेगळी, दोन्ही लागतात. हद्दीवरून टोलवलं तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवा म्हणा, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये ती सोय आहेच (पोलिसालाच पोलीस ठाण्यात हे सांगावं लागतं, काय बोलणार). आणि चोरीला "गहाळ" म्हणून नोंद करून घेऊ नका. घरातून किंवा गाडीतून गेलं असेल तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ३०५ लागतं, गहाळ लिहिलंत की तपासच होत नाही आणि वर हलगर्जीपणा तुम्ही स्वतःच लिहून दिल्यासारखा.

सोबत हत्याराचा नंबर, लायसन नंबर, यूआयएन (लायसनधारकाचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर), खरेदीचं बिल आणि काडतुसांचा हिशोब. हा हिशोब बहुतेकांकडे नसतो. किती घेतली, किती वापरली, किती चोरीला गेली हे जुळलं नाही की चौकशी चोराऐवजी तुमचीच सुरू होते. आज घरी गेल्यावर सगळ्याचे फोटो काढून मेलवर टाकून ठेवा.

नवीन हत्यारासाठी अर्ज केला की बऱ्याच ठिकाणी एफआयआर पुरत नाही, ए समरी मागतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, कोर्टाने मंजूर केलेला. तो लवकर मिळत नाही. तपासी अंमलदाराच्या मागे लागावं लागतं, आणि मंजूर झाल्यावर सर्टिफाइड कॉपी स्वतः काढून आणायची, कोणी आणून देत नाही.

हत्यार चोरीला गेलं तरी लायसनची मुदत चालूच असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा, संपल्यावर ६० दिवसांत नाही, हे उलटं वाचणारे खूप भेटतात. कलम १७ खाली लायसन निलंबित किंवा रद्द झालं तर अपिलाला ३० दिवस, आणि ते ऑर्डरवरच्या तारखेपासून मोजा, टपाल तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नको. ऑर्डर कार्यालयातच पडून राहून उशिरा मिळाली असेल तर आवक नोंदीची कॉपी अपिलाच्या अर्जाला जोडा.