ग्रामीण विदर्भातील मोबाइल ॲप कंपनीत व्हेंचर कॅपिटल घेताना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जांचा क्रम

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांना फवारणीचा सल्ला देणारे किंवा यवतमाळकडच्या कापूस उत्पादकांना बाजारभाव कळवणारे ॲप तयार करणाऱ्या तरुणांना गुंतवणूकदाराचा होकार मिळाला, म्हणजे काम झाले असे नव्हे. तो पैसा कंपनीच्या खात्यात जमा होऊन खर्चता येईपर्यंतचा क्रम कायद्याने ठरवून दिलेला आहे आणि त्यातील एखादा टप्पा मागेपुढे झाला, तर जुळून आलेला व्यवहारही अडून राहतो.

व्हेंचर कॅपिटल फंड, म्हणजे नव्या कंपन्यांत जोखीम पत्करून गुंतवणूक करणारे निधी, हे सेबी या शेअर बाजार नियामकाच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमावलीखाली नोंदलेले असतात आणि ते कर्ज देण्याऐवजी प्रामुख्याने कंपनीच्या भागभांडवलात पैसा घालतात. त्यामुळे एकट्याच्या मालकीचा व्यवसाय किंवा भागीदारी संस्था येथे उपयोगाची नाही. एकल व्यक्ती कंपनीत सभासदच एक असल्याने तिचेही आधी रूपांतर करावे लागते. किमान दोन संचालक आणि दोन भागधारक असलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी हाच सरळ मार्ग आहे.

कंपनीची नोंदणी कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘स्पाइस प्लस’ अर्जाने होते. संचालकांचे पॅन, आधार, छायाचित्र आणि डिजिटल स्वाक्षरी ही कागदपत्रे सहसा अडत नाहीत. खेड्यात अडतो तो नोंदणीकृत कार्यालयाचा पुरावा. दोन महिन्यांहून जुने नसलेले वीज बिल आणि घरमालकाचे ना-हरकत पत्र मागितले जाते. परंतु घर वडील वापरतात, महावितरणचे बिल वारलेल्या आजोबांच्या नावाने येते आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तिसऱ्याच कोणाची नोंद असते, अशी स्थिती गावोगाव आढळते. ही नावे अर्ज करण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावीत. नोंदणीनंतर १८० दिवसांत भागधारकांनी आपल्या समभागांचे पैसे भरल्याची घोषणा ‘आयएनसी-२०ए’ अर्जात करावी लागते. ती केल्याशिवाय कंपनीला व्यवसाय सुरू करता येत नाही.

यानंतर स्टार्टअप इंडियाच्या पोर्टलवरून केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची मान्यता घ्यावी. तिला शुल्क नाही. जुन्या व्यवसायाचे विभाजन किंवा पुनर्रचना करून काढलेली कंपनी पात्र ठरत नाही. नोंदणी प्रमाणपत्र, संचालकांचा तपशील आणि ॲपमध्ये नवे काय आहे याची टिपणी जोडावी. ही टिपणी मोघम नसावी. गुंतवणुकीसाठी ही मान्यता सक्तीची नसली, तरी २०१६ मध्ये दहा हजार कोटींच्या तरतुदीने सुरू झालेल्या ‘फंड ऑफ फंड्स’ या फंडांना पैसा पुरवणाऱ्या योजनेतून सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने ज्या फंडांना पैसा दिला, त्यांना त्या रकमेच्या किमान दुप्पट गुंतवणूक मान्यताप्राप्त स्टार्टअपमध्येच करावी लागते. या योजनेतून सिडबी स्टार्टअपला थेट पैसा देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा प्राथमिक मसुदा, ठरल्यानंतरच्या तपासणीत मोबाइल ॲप कंपन्या बहुधा एकाच ठिकाणी सापडतात : ॲपचा कोड पुण्यातल्या मित्राने लिहिलेला, प्ले स्टोअरचे खाते एका संचालकाच्या खासगी ईमेलवर आणि डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, दुसऱ्याच्या नावावर. हे सर्व लेखी हस्तांतरणाने कंपनीच्या नावावर आणलेच पाहिजे, कारण गुंतवणूकदार ज्याचे पैसे देतो ती मालमत्ता प्रत्यक्षात हीच असते. शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक वा सातबाराचा तपशील साठवत असल्यास २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार घ्यायच्या संमतीची नोंदही तयार ठेवावी. संमतीपूर्वीची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे.

प्रत्यक्ष समभागवाटप कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४२ खाली होते. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल घेऊन भागधारकांच्या सभेत विशेष ठराव करावा, तो कंपनी निबंधकाकडे दाखल करावा आणि त्यानंतरच गुंतवणूकदाराला ‘पीएएस-४’ प्रस्तावपत्र पाठवावे. रक्कम रोखीने घेता येत नाही. ती स्वतंत्र बँक खात्यात यावी लागते. रक्कम आल्यापासून ६० दिवसांत वाटप झाले पाहिजे, नाहीतर पुढील १५ दिवसांत ती परत करावी लागते आणि तसे न केल्यास १२ टक्के व्याज द्यावे लागते. वाटपानंतर १५ दिवसांत ‘पीएएस-३’ हा वाटपाचा तपशील कळवणारा अर्ज भरावा. तो भरेपर्यंत त्या खात्यातील रुपयालाही हात लावता येत नाही, म्हणून महिनाअखेरचे पगार या पैशांवर विसंबून ठेवू नयेत. हा टप्पा कंपनी सेक्रेटरीच्या देखरेखीखालीच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे; त्याच्या शुल्कात काटकसर करणे पुढे महागात पडते.

फंड परदेशी असेल, तर वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या ‘फर्म्स’ पोर्टलवर ‘एफसी-जीपीआर’ हा परदेशी गुंतवणुकीची माहिती देणारा अर्ज भरावा लागतो आणि तो परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेमार्फत जातो. तालुक्याच्या शाखेत हे काम सहसा होत नाही, त्यामुळे नागपूर किंवा अमरावती येथील कोणती शाखा ते हाताळते, याची चौकशी पैसे येण्यापूर्वीच करून ठेवावी.