टोकाच्या गल्लीचं गणित

उन्हाळ्यात खान्देशातल्या शहरांत नळाला पाणी सुटलं की घरोघरी मोटारी घुरघुरू लागतात. टाकीजवळच्या गल्लीत पिंप भरून वाहतं, टोकाच्या घराला करंगळीएवढी धार. रस्ता न खोदता याचं कारण शोधायला जगभरचे इंजिनिअर एपानेट हा पाइपांच्या जाळ्यातला दाब आणि प्रवाह संगणकावर काढणारा मोफत प्रोग्रॅम वापरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तो १९९३ साली आणला.

आतलं तत्त्व शाळेतलंच आहे. पाइप जिथे जुळतात तिथे आलेलं पाणी तेवढंच पुढे जातं आणि घर्षणाने दाब घटत जातो. हे नियम जुने होत नाहीत, प्रोग्रॅमचा कोड होतो.

२००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीचं गृहीतक असं, की दाब असो वा नसो, गिऱ्हाइकाला हवं तेवढं पाणी मिळतंच. चोवीस तास पाणी असलेल्या गावात ते खपून जातं. आपली टोकाची गल्ली त्यात घातली, तर उत्तरात चक्क उणे दाब येऊ शकतो! दाब पडला की पुरवठाही कमी धरायची सोय मूळ प्रोग्रॅममध्ये आली ती २.२ आवृत्तीत, २०२० साली.

या आवृत्तीतलं मोठं काम मात्र पडद्यावर दिसत नाही. आधी नळजाळ्याची सगळी माहिती सामाईक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या कप्प्यांत, असायची; कोडचा कुठलाही भाग ती बदलू शकत होता. अशा कोडला हात लावायला कोणीही बिचकतो. शिवाय एका वेळी एकच जाळं चालवता येई. नव्या रचनेत प्रत्येक जाळ्याची माहिती स्वतंत्र राहते. जुन्या आज्ञाही चालू ठेवल्या, म्हणून आधी लिहिलेले प्रोग्रॅम बंद पडले नाहीत. आणि दर बदलानंतर ठरावीक जाळी पुन्हा सोडवून उत्तरं ताडून पाहायची. काम कंटाळवाणं, पण माझ्या मते खरी कमाई हीच.

धुळ्याकडच्या पांझरेकाठची फड बागायत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची पद्धत, शतकानुशतकं टिकली त्यातही अशीच वाटणी आहे: बंधारा, पाट, चाऱ्या वेगवेगळ्या. चारीतला गाळ काढायला बंधारा फोडावा लागत नाही. एपानेटमध्येही गणिताचं इंजिन सी भाषेत आणि पडद्याचा भाग डेल्फी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत, असे दोन तुकडे २००० पासूनच आहेत. डेल्फी आज फारसं कोणी शिकत नाही, तरी इंजिन पायथन या आजच्या लोकप्रिय भाषेतून सर्रास चालवलं जातं.

जाळ्याची .inp फाइलही साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. नगरपालिकांनी सल्लागाराकडून रंगीत नकाशांबरोबर ती फाइलही मागून घ्यावी. नवी वसाहत जोडताना सगळे पाइप पुन्हा पहिल्यापासून भरावे लागणार नाहीत.