काल्पनिक युद्धनौकांचे आराखडे (विसाव्या शतकाचा प्रारंभ)

प्रत्यक्षात कधीच बांधल्या न गेलेल्या, पण त्या काळचे पोलाद, इंजिने, तोफा आणि गोद्या पाहता बांधता आल्या असत्या अशा युद्धनौकांची कागदावरील रचना. आज हा उद्योग मुख्यतः नौदल-इतिहासाच्या हौशी अभ्यासकांचा असला, तरी त्याचा पाया व्यावसायिकांनीच घातला. इटालियन नौदलाचे रचनाकार व्हित्तोरिओ कुनिबेर्ती यांनी १९०३ मध्ये फ्रेड जेन यांच्या युद्धनौकांच्या वार्षिकात ब्रिटनसाठी एक आदर्श युद्धनौका सुचवली. विस्थापन (म्हणजे नौकेचे वजन) १७,००० टन, १२ इंची बारा तोफा, १२ इंच जाडीचे कवच आणि वेग २४ नॉट (ताशी सागरी मैल). ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ १९०६ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा सुमारे १८,००० टनांत दहा तोफा, ११ इंच कवच आणि २१ नॉट एवढेच बसले. तेही दट्ट्याची जुनी वाफइंजिने सोडून वाफेवर फिरणारे टर्बाइन घेतल्यावर. कुनिबेर्तींची दृष्टी अचूक होती, वजनाचा हिशेब मात्र आशावादी होता.

तरंगणारी नौका स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, त्यामुळे एका ठिकाणी वाढवलेला टन दुसरीकडून काढावा लागतो, नाहीतर नौका मोठी करावी लागते. ‘ड्रेडनॉट’च्या मूळ वजनपत्रकात सांगाड्याला सुमारे ६,१०० टन, कवचाला ५,०००, शस्त्रास्त्रांना ३,१००, यंत्रांना २,००० च्या आसपास आणि कोळशाला ९०० टन धरले होते. यातला शेवटचा आकडा नीट पाहावा. कोठारांत कोळसा त्याच्या तिपटीहून अधिक मावत असे, आणि सगळा भरला की नौका इतकी खाली बसे की कवचाचा ११ इंची मुख्य पट्टा पाण्याखाली जाई. लांब पल्ला आणि योग्य जागी राहणारे कवच एकाच वेळी मिळत नव्हते.

सर्वांत महाग सौदा वेगाचा. वेग वाढवताना लागणारी शक्ती त्याच्या प्रमाणात नव्हे, साधारणपणे घनाच्या प्रमाणात वाढते, आणि लाटांचा विरोध जोर धरू लागला की त्याहूनही झपाट्याने. ‘ड्रेडनॉट’ला २१ नॉटसाठी २३,००० अश्वशक्ती आणि १८ बॉयलर पुरले. तिच्याच पिढीतील बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची, वेगवान पण पातळ कवचाची युद्धनौका) ‘इन्व्हिन्सिबल’ला २५ नॉटसाठी ४१,००० अश्वशक्ती आणि ३१ बॉयलर लागले. हे चार नॉट दोन तोफा कमी करून आणि कवचाचा पट्टा ११ इंचांवरून ६ इंचांवर आणून मिळवले. सांगाडा लांब केला तर तेवढ्याच शक्तीत वेग वाढतो, पण मग संरक्षण द्यायची लांबीही वाढते. आराखड्याला पाण्याचा विरोध किती होईल, हे मेणाची लहान प्रतिकृती टाकीत ओढून मोजता येत असे. विल्यम फ्रूड यांनी १८७०च्या दशकात टॉर्की येथे ही पद्धत बसवली आणि पुढे हॅस्लरच्या टाकीत ब्रिटिश आराखडे तपासले जात.

३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत ‘इन्व्हिन्सिबल’सह तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोटाने बुडाल्या. दोष पातळ कवचाला देण्याची पद्धत आहे, पण ते पूर्ण उत्तर नव्हे. तोफा भराभर डागता याव्यात म्हणून दारूच्या पिशव्या उघड्यावर रचल्या जात आणि दारूकोठाराकडची दारे उघडी राहत. जर्मन ‘झायडलित्स’ने १९१५ मध्ये डॉगर बँकेच्या लढाईत दोन टरेट (तोफांची फिरती चिलखती घरे) जाळून घेतल्यानंतर जर्मनांनी दारू हाताळण्याची शिस्त कडक केली होती. असे धोके वजनपत्रकात दिसत नाहीत.

तोफगोळ्याचे वजनही व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ब्रिटिश १२ इंची गोळा ८५० पौंडांचा, १५ इंची १,९२० पौंडांचा. त्यामुळे ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाच्या रचनाकारांना पाच टरेटऐवजी चार ठेवूनही मारा जड राखता आला. मधल्या टरेटची जागा बॉयलरांना दिली, कोळशाऐवजी तेल घेतले आणि सुमारे २४ नॉट वेग मिळवला. बदल्यात ब्रिटनने घरचा वेल्श कोळसा सोडून परदेशी तेलावर अवलंबित्व पत्करले. शिवाय नौकेच्या कडेची कोळशाची कोठारे संरक्षणाचेही काम करीत, तो लाभही गेला. आराखड्याचे परिणाम गोदीच्या बाहेर किती दूर जातात, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नसावे.

मांडणीचा प्रश्न निराळा. ‘ड्रेडनॉट’च्या दहा तोफांपैकी एका बाजूला आठच रोखता येत, कारण दोन टरेट कडेला होते. अमेरिकी काँग्रेसने १६,००० टनांची मर्यादा घातलेल्या ‘साउथ कॅरोलिना’ने एका टरेटमागे दुसरा उंचावर बसवला आणि आठच तोफांत तेवढाच मारा साधला, वेग मात्र १८.५ नॉटवर थांबला. उंचावरच्या वजनाने स्थिरता घटते. उलट स्थिरता फार वाढवली तर नौका झटक्याने डोलते आणि नेम धरणे अवघड होते. ‘ड्रेडनॉट’ची टेहळणीची डोलकाठी धुराड्याच्या मागे होती, त्यामुळे आपले गोळे कुठे पडतात हे पाहणारे लोक धुरात आणि उष्ण वायूत बसत. कारण काय, तर होड्या उचलण्याचा दांडा त्याच डोलकाठीवर सोयीचा पडत होता! एवढी मोठी क्रांतिकारक नौका, आणि होड्यांच्या सोयीसाठी डोळेच धुरात.

मर्यादा सैल सोडल्यावर काय होते, तेही कागदावर तपासले गेले. सिनेटर बेंजामिन टिलमन यांच्या आग्रहावरून अमेरिकी नौदलाने १९१६-१७ मध्ये पनामा कालव्याच्या ११० फूट रुंद जलपाशांतून (नौका वर-खाली नेणाऱ्या दारबंद हौदांतून) जेमतेम जाईल अशा नौकांचे आराखडे केले. त्यांतील काही ८०,००० टनांचे होते. एकावर सहा-सहा तोफांच्या टरेटांत १६ इंची चोवीस तोफा होत्या. ब्रिटनमध्ये ॲडमिरल फिशर यांनी २० इंची सहा तोफा आणि ३५ नॉट वेगाची ‘इनकम्पॅरेबल’ कल्पिली. वाचायला दोन्ही रंजक, पण रचनेचे कसब दाखवणारे आराखडे अडचणीतच निपजतात.

आजचे हौशी रचनाकार स्प्रिंगशार्पसारखा मोफत संगणकीय प्रोग्रॅम वापरतात. लांबी, रुंदी, वेग, तोफा आणि कवच भरले की तो सांगाड्याची बळकटी, स्थिरता आणि समुद्रावरील वागणूक यांचा अंदाज देतो. तो बेरीज तपासतो. धूर कुठे जाईल किंवा दारूकोठार बॉयलरखोलीला खेटले का, हे रेखाचित्र काढूनच पाहावे लागते. चांगल्या काल्पनिक आराखड्यासोबत म्हणूनच देश, वर्ष, गोदीची रुंदी आणि खर्चाला मंजुरी देणारी संसद यांचाही उल्लेख असतो.

१९२२ च्या वॉशिंग्टन तहाने बॅटलशिपला ३५,००० टनांची मर्यादा घातली आणि मोजणीतून इंधन व बॉयलरचे राखीव पाणी वगळले. ब्रिटनच्या ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’ यांच्या आराखड्यात तिन्ही टरेट ब्रिजच्या (नौका चालवण्याच्या उंच मंचाच्या) पुढे एकत्र आणून जाड कवचाची लांबी आखडली; वेग २३ नॉटवर ठेवला. टनाटनाला इतके जपले गेले की ‘नेल्सन’ पूर्ण झाली तेव्हा मर्यादेपेक्षा हजारांहून अधिक टनांनी हलकीच भरली.