मानवरहित लष्करी विमानं इतकी का कोसळतात?

६ डिसेंबर १९९९. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर ग्लोबल हॉक हे अमेरिकेचं मानवरहित टेहळणी विमान उड्डाण संपवून व्यवस्थित उतरलं आणि धावपट्टीवर थांबलं. आता ते सावकाश बाजूला घ्यायचं, एवढंच काम उरलं होतं. तशी आज्ञा मिळताच विमान सुसाट निघालं. मोहिमेचा आराखडा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जमिनीवर चालण्याचा वेग म्हणून १५५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८७ किलोमीटर, हा आकडा विमानाच्या संगणकात गेला होता. विमानाने तो जसाच्या तसा पाळला. पुढचं वळण त्या वेगात घेणं अशक्यच होतं. विमान धावपट्टीबाहेर गेलं आणि त्याच्या पुढच्या चाकाचा सांगाडा मोडला.

विमानात कुणी बसलेलं असतं, तर पहिल्या सेकंदालाच त्याचा पाय ब्रेकवर गेला असता. त्यासाठी फार कौशल्य लागत नाही, फक्त तिथे असावं लागतं. मानवरहित विमानांच्या अपघातांचे अहवाल वाचताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं. बिघाड बहुतेक वेळा साधा असतो, पण तो वेळीच ओळखणारं जागेवर कुणी नसतं.

या विमानांचा सुरुवातीचा इतिहास खरंच वाईट आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने २००३ मध्ये केलेल्या विश्वासार्हतेच्या अभ्यासात एक लाख उड्डाणतासांमागे प्रेडेटर या मानवरहित विमानाचे ३२, तशाच हंटरचे ५५ आणि पायोनियरचे तब्बल ३३४ गंभीर अपघात नोंदलेले होते. एफ-१६ या एका इंजिनाच्या लढाऊ विमानासाठी हाच आकडा ३ च्या आसपास होता. पुढे परिस्थिती बरीच सुधारली, आणि प्रेडेटरनंतर आलेल्या रीपरचा दर लढाऊ विमानांच्या जवळपास पोहोचला. तरीही २००१ पासून अमेरिकेची ४०० हून अधिक मोठी लष्करी ड्रोन अपघातात सापडल्याचं वॉशिंग्टन पोस्टने २०१४ मध्ये लष्करी नोंदींच्या आधारे दाखवून दिलं.

त्याच २००३ च्या अभ्यासाने कारणांची वाटणीही केली होती. ३७ टक्के बिघाड इंजिन आणि वीजपुरवठ्याचे, २६ टक्के उड्डाण-नियंत्रणाचे, ११ टक्के संपर्काचे आणि १७ टक्के माणसांच्या किंवा जमिनीवरच्या यंत्रणेच्या चुकांचे. रेडिओ संपर्क तुटला म्हणून ड्रोन पडतं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात इंजिन आणि नियंत्रण या दोन कारणांचाच वाटा सहा दशांशांहून जास्त निघाला.

याचं मूळ रचनेत आहे. प्रवासी विमानात जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला जोड असते. इंजिनं दोन, प्रत्येकावर स्वतंत्र जनरेटर, शिवाय शेपटीत एक छोटं राखीव इंजिन. एक भाग दहा हजार तासांत एकदा बंद पडत असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले तसे दोन भाग एकाच तासात बंद पडण्याची शक्यता दहा कोटींत एक इतकी कमी होते. पण जोड म्हणजे वजन, आणि वीस-चोवीस तास हवेत राहायचं तर प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. आत माणूस नाही, म्हणून या हिशेबात जोड सगळ्यात आधी कापली गेली. प्रेडेटरला हलक्या विमानांत वापरलं जाणारं रोटॅक्स ९१४ हे एकच पिस्टन इंजिन होतं. रीपरला नागरी विमानांत अनेक वर्षं मुरलेलं टर्बोप्रॉप इंजिन मिळालं, तरी २०१५ च्या सुमारास त्याचे अपघात वाढले. दोष इंजिनाला जोडलेल्या स्टार्टर-जनरेटरमध्ये होता. तो बंद पडला की विमान बॅटरीवर येई आणि बॅटरी संपायच्या आत धावपट्टी गाठता आली नाही, तर खेळ संपला. त्यावर उपाय म्हणून शेवटी जास्तीचा जनरेटरच बसवावा लागला. वजन वाचवायला गाळलेली वस्तू विमानं गमावल्यावर परत आली.

माणसांच्या चुकांचा वाटा आकड्यांत लहान दिसतो, पण माझ्या मते तो सगळ्यात नीट समजून घेण्यासारखा आहे. २५ एप्रिल २००६ च्या पहाटे अ‍ॅरिझोनातल्या नोगालेसजवळ सीमेवर पहारा देणारं प्रेडेटर-बी कोसळलं. विमान सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा विभागाचं होतं, पण मॉडेल रीपरचंच. नियंत्रण कक्षात दोन सारखी टेबलं होती. एकावर वैमानिक बसे, दुसऱ्यावर कॅमेरा चालवणारा. दोन्हींवर एकाच जागी एकसारखा दांडा होता. वैमानिकाच्या टेबलावर तो इंजिनाचं इंधन सांभाळे, कॅमेऱ्याच्या टेबलावर मात्र तोच दांडा कॅमेऱ्यात येणारा प्रकाश कमी-जास्त करी. त्या रात्री वैमानिकाचा पडदा गोठला आणि तो शेजारच्या टेबलावर गेला. जाण्याआधी दोन्ही दांडे एकाच स्थितीत आणावेत, असं तपासणी यादीत लिहिलेलं होतं. ते राहून गेलं. कॅमेऱ्यासाठी जी स्थिती बरोबर होती, तिचा इंजिनासाठी अर्थ होता ‘इंधन बंद’.

इंजिन थांबलं. कॉकपिटमध्ये असं झालं तर पहिला इशारा कान देतात, कारण आवाजच जातो. इथे वैमानिकाला फक्त उंची कमी होताना दिसत होती, कारण कळत नव्हतं. वीज वाचवण्यासाठी विमानाने उपग्रह संपर्काची यंत्रणा आणि रडारला ओळख देणारं उपकरण आपणहून बंद केलं. संपर्क तोडला की विमान ठरल्याप्रमाणे वर चढून सुरक्षित उंचीवर घिरट्या घालेल, या विचाराने वैमानिकाने जमिनीवरचं प्रक्षेपणही बंद केलं. चढायला इंजिन हवं, आणि तेच बंद होतं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. या अपघाताच्या चौकशीनंतर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २२ शिफारशी केल्या. एकाच दांड्याला दोन अर्थ देणारी रचना ज्या क्षणी मान्य झाली, अपघाताची सुरुवात मला तिथेच दिसते. वैमानिकाची चूक ही त्यातली शेवटची कडी.

उपग्रहामार्फत विमान चालवताना वेळेचाही प्रश्न असतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि विमानाचं उत्तर परत यायला आणखी पाव. चित्र दाबून पाठवणं, उलगडणं यातही वेळ जातो. आकाशात सरळ उडताना हे चालून जातं, उतरताना नाही. म्हणून रीपरचं उड्डाण आणि उतरणं बराच काळ तळाजवळ बसलेली वेगळी तुकडी थेट रेडिओवरून सांभाळत असे.

मग सगळं संगणकावरच सोपवलं तर? उतरण्याचं काम यंत्र खरोखर चांगलं करतं. अडचण येते ती यंत्र आणि माणूस यांच्या सांध्यावर. जून २०१८ मध्ये वेल्समधल्या एबरपोर्थला ब्रिटिश लष्कराचं वॉचकीपर हे मानवरहित विमान उतरताना चाकं टेकली, पण ठरलेल्या अवधीत संगणकाला ते कळलं नाही. उतरणं फसलं असं समजून त्याने पुन्हा वर जायचं ठरवलं. इकडे चालकांना विमान धावपट्टी सोडून गवतावर जाताना दिसत होतं, म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं. तोवर विमान हवेत होतं. ते थोडं तरंगत गेलं आणि झाडावर आदळलं. दोघांचेही निर्णय आपापल्या माहितीपुरते बरोबर होते.

संपर्क पूर्ण तुटल्यावर काय करायचं, हे विमानाला आधीच शिकवलेलं असतं, पण तेही दर वेळी पाळलं जाईल असं नाही. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकी नौदलाचं फायर स्काउट हे मानवरहित हेलिकॉप्टर सॉफ्टवेअरच्या दोषामुळे परत न फिरता वॉशिंग्टनच्या प्रतिबंधित हवाई क्षेत्रात शिरलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबरमध्ये, अफगाणिस्तानात हाताबाहेर गेलेलं एक रीपर देशाच्या हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून अमेरिकेच्याच एफ-१५ विमानाने पाडलं.

वैमानिकाचा जीव वाचतो हे खरं आणि ते मोलाचंही आहे, पण धोका तेवढ्याने संपत नाही. तो खालच्या माणसांकडे सरकतो. ऑक्टोबर २००६ मध्ये काँगोच्या राजधानीत, किन्शासात, युरोपीय शांतिसेनेसाठी उडणारं बेल्जियमचं हंटर उड्डाणानंतर लगेच शहरात कोसळलं. एक स्त्री ठार झाली, काही जण जखमी झाले. या धोक्याचं गणित सोपं आहे. समजा, एक लाख तासांत ३ विमानं पडतात आणि प्रत्येकाचा घातक पट्टा १,००० चौरस मीटर आहे. दर चौरस किलोमीटरला एकच माणूस राहत असलेल्या वाळवंटावर तेवढ्या तासांत बळींची सरासरी ०.००३ येते. ४०० माणसं राहत असतील, तर १.२. विमान तेच, बिघाड तोच, पण धोका चारशे पट. वाळवंटावर आणि समुद्रावर जमवलेले सुरक्षेचे आकडे लोकवस्तीवर उडण्यासाठी पुरावा म्हणून दाखवले जातात, तेव्हा ते मान्य करता कामा नये. लष्करी ड्रोनच्या अपघातांचे चौकशी अहवालही लोकांसमोर यायला हवेत, कारण तो धोका त्यांच्याच डोक्यावर असतो.

म्हणूनच रीपरच्या नव्या पिढीतलं एमक्यू-९बी नागरी हवाई क्षेत्रात उडण्याच्या पात्रतेचं मानक समोर ठेवून बनवलं आहे. नाजूक व्यवस्थांना जोड, बर्फ आणि विजेपासून बचाव, या गोष्टी त्यात मुळापासून आल्या. तरी १८ सप्टेंबर २०२४ रोजी भारतीय नौदलाने भाड्याने घेतलेलं याच जातीचं विमान चेन्नईजवळ बंगालच्या उपसागरावर तांत्रिक बिघाडात सापडलं आणि समुद्रात उतरवावं लागलं. जर्मनीने मात्र आधीच हात आखडता घेतला होता. ग्लोबल हॉकवर आधारलेल्या युरो हॉकला युरोपच्या हवाई क्षेत्रात उडण्याचं प्रमाणपत्र मिळवायला आणखी प्रचंड पैसा लागेल, हे लक्षात आल्यावर पन्नास कोटी युरोंहून अधिक खर्च होऊनही मे २०१३ मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला.