पार्श्वभूमी : हिऱ्याच्या बिलावरची हमी आली कुठून?

घाऊक व्यापारी सराफाला हिऱ्यांचे बिल देतो, त्याच्या तळाशी इंग्रजीत दोन वाक्ये छापलेली असतात. आशय असा, की हे हिरे वैध मार्गाने घेतले आहेत, त्यांच्या पैशावर कुठलाही सशस्त्र संघर्ष पोसलेला नाही, आणि ही हमी आम्ही स्वतःच्या माहितीवरून किंवा आम्हाला माल देणाऱ्याने लिहून दिले म्हणून देत आहोत. सगळी गोम त्या ‘लिहून दिले म्हणून’मध्ये आहे. साखळीतला प्रत्येक जण मागच्याचा हवाला देतो. ग्राहकाच्या बिलावर तर ही ओळ असण्याचीही सक्ती नाही. साखरपुड्याची अंगठी घेताना कुणी ‘कॉन्फ्लिक्ट-फ्री आहे ना?’ असे विचारले, तर ‘सर्टिफिकेट आहे की’ म्हणून प्रयोगशाळेचा कागद पुढे येतो. त्यावर वजन, रंग, क्लॅरिटी, कट आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर असतो. खाण कुठली, हा रकाना बहुधा नसतोच.

हिऱ्यांची गोष्ट गोवळकोंड्यापासून सांगायची आपल्याकडे रीत आहे. या प्रश्नापुरती ती बाजूला ठेवू. ही हमी जन्माला आली ती १९९०च्या दशकातल्या अंगोला आणि सिएरा लिओनमुळे. अंगोलाच्या बंडखोरांनी १९९२पासून सहा वर्षांत हिऱ्यांवर ३.७ अब्ज डॉलर कमावले, असा अंदाज एका ब्रिटिश संस्थेने डिसेंबर १९९८मध्ये मांडला. सिएरा लिओनचे हिरे शेजारच्या लायबेरियातून बाहेर पडत. लायबेरियाच्या खाणींतून निघणेच शक्य नाही इतका माल त्या देशाच्या नावावर बेल्जियममधल्या अँटवर्पच्या हिरेबाजारात उतरत होता. संयुक्त राष्ट्रांनी १९९८मध्ये अंगोलाच्या आणि २०००मध्ये सिएरा लिओनच्या दाखला नसलेल्या हिऱ्यांवर बंदी घातली. फरच्या कोटांवर पश्चिमेत बहिष्कार पडला होता, तसा हिऱ्यांवर पडेल ही धास्ती व्यापाऱ्यांना होतीच. मे २०००मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ले गावी सरकारे, व्यापारी आणि संस्था एकत्र बसल्या, आणि १ जानेवारी २००३पासून किंबर्ले योजना सुरू झाली. कच्चा हिरा देशाची सीमा ओलांडताना मोहोरबंद डब्यातच हवा, सोबत सरकारी दाखला हवा, आणि त्यावर कॅरेट, डॉलरमधली किंमत, पाठवणारा आणि घेणारा यांची नोंद हवी.

गोंधळ झाला तो व्याख्येत. योजनेच्या भाषेत ‘संघर्षाचे हिरे’ म्हणजे, वैध सरकारांना खिळखिळे करण्यासाठी चाललेल्या संघर्षाला पैसा पुरवायला बंडखोर चळवळींनी किंवा त्यांच्या साथीदारांनी वापरलेले कच्चे हिरे. शब्द डिसेंबर २०००मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने केलेल्या ठरावाच्या वळणाचेच आहेत. यात ‘बंडखोर’ म्हटल्यामुळे सरकारी लष्कराने खाणीवर माणसे मारली तरी ते हिरे संघर्षाचे ठरत नाहीत. ‘कच्चे’ म्हटल्यामुळे पैलू पडताच योजनेचा संबंध संपतो, पुढे उरते ती व्यापाऱ्यांची बिलावरची हमी. बालमजुरी, मारहाण, नद्यांची नासाडी यांतले काहीच व्याख्येत नाही. सह्या करणारी सरकारेच होती. स्वतःवर शेकेल अशी व्याख्या ती कशाला लिहितील? शिवाय इथे निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे एका देशाने मान हलवली नाही की विषय संपला. व्याख्या रुंद करण्याचे प्रयत्न त्यामुळे वर्षानुवर्षे तिथल्या तिथेच फिरत राहिले. भारताने २००८ आणि २०१९मध्ये अध्यक्षपद भूषवले, तेव्हाही शब्द तेच राहिले.

या व्याख्येची खरी कसोटी झिंबाब्वेत लागली. देशाच्या पूर्वेकडच्या मारांगे भागात २००६मध्ये हिऱ्यांसाठी झुंबड उडाली. हजारो लोक घमेली-फावडी घेऊन खणायला उतरले. २००८च्या अखेरीस लष्कर घुसले, हेलिकॉप्टरमधून गोळीबार झाला. २००हून अधिक माणसे मारली गेल्याचे एका मानवी हक्क संघटनेने नोंदवले. बंडखोर कुणीच नव्हते, होते ते सरकारच. योजनेने २००९मध्ये मारांगेची निर्यात थांबवली खरी, पण भाषा ‘नियमपालनातील त्रुटी’ची होती. दोन वर्षे खल चालला. मारांगेचा माल बहुतांश हलका, तपकिरी झाकेचा. असा माल परवडणाऱ्या मजुरीत घासला जातो तो सुरतेतच. तिथले व्यापारी तो मिळवण्यासाठी धडपडत होते आणि भारत सरकारचा कलही व्यापार सुरू करण्याकडे होता. आपल्याकडच्या बातम्यांत त्या वेळी कारागिरांच्या रोजगाराचा मुद्दा होता, मेलेल्या खणकऱ्यांचा फारसा नव्हता. नोव्हेंबर २०११मध्ये काँगोतल्या किन्शासाच्या बैठकीत निर्यातीला हिरवा कंदील मिळाला. पुढच्याच महिन्यात, अंगोलाच्या हिऱ्यांचा अंदाज मांडणारी ती ब्रिटिश संस्था योजनेतून बाहेर पडली. योजनेच्या पायाभरणीत तिचा वाटा होता, म्हणून ते जाणे जास्त बोचणारे. मारांगेचे हिरे मात्र त्यानंतर दाखल्यासह, कागदोपत्री स्वच्छ झाले.

पुढची अडचण टेबलावरची आहे. कच्चा माल आला की तो आकार, रंग, शुद्धता पाहून निवडला जातो. असॉर्टरच्या टेबलावर दोन-तीन देशांची पाकिटे उघडतात, चाळणीतून खडे आकारवार वेगळे होतात, आणि नव्या पुड्या बांधल्या जातात. दाखल्यावरही मिश्र मूळ लिहिण्याची सोय आहे. घंटीवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, घासताना निम्म्याच्या आसपास वजन जाते. माणिक किंवा पाचू कुठला, हे प्रयोगशाळा पुष्कळदा सांगू शकते. तयार हिऱ्याच्या बाबतीत तशी सर्वमान्य चाचणी नाही. म्हणूनच मूळ सांगणारे जे दाखले निघाले, ते बहुतेक कच्चा खडा आधी पाहून, मोजून ठेवतात आणि नंतर तयार हिरा त्याच्याशी जुळवतात. कॅनडाच्या खाणींनी हा माग ठेवणे लवकर सुरू केले. ते मोठ्या खड्यांना परवडते. मंगळसूत्राच्या वाटीत जडवलेले दोन सेंटचे, म्हणजे कॅरेटच्या दोन शतांश वजनाचे, हिरे पुडीतून वजनावर येतात. त्यांतल्या एकेकाचा माग काढणे अवघडच.

‘मूळ’ हा शब्द अचानक महाग झाला तो युक्रेन युद्धाने. २०२२मध्ये रशियन हिऱ्यांच्या पैशावर युद्ध पोसले जाते का, हा विषय किंबर्लेच्या बैठकीत घेण्यालाच रशियाने आणि काही देशांनी विरोध केला, तेव्हा जी-७ गटातल्या श्रीमंत देशांनी वेगळी वाट धरली. १ जानेवारी २०२४पासून त्यांनी रशियाहून थेट येणारे हिरे बंद केले. मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पाडलेले एक कॅरेट आणि त्यावरचे रशियन हिरेही बंदीत आले, आणि युरोपात सप्टेंबरपासून ही मर्यादा अर्ध्या कॅरेटवर उतरली. त्याआधी सुरतेत घासलेला रशियन खडा कस्टम्सच्या लेखी भारतीय होऊन अमेरिकेत शिरू शकत होता. अर्ध्या कॅरेटखालचा बारीक माल या आकार-मर्यादेबाहेर राहिला, आणि सुरतेची बरीचशी भाकरी त्याच मालावर आहे.

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात आजही कुणीही वर्षाला २०० रुपये भरून आठ बाय आठ मीटरचा तुकडा खणायला घेऊ शकतो. हिरा सापडला की हिरा कार्यालयात जमा करायचा. तिथे वजन होते, खणणाऱ्याच्या नावाची नोंद होते आणि लिलावात बोली लागते. कुणाला, कुठल्या तुकड्यात सापडला, हे तिथल्या वहीत असते. तो हिरा सुरतेत घासला गेला तर कच्चा असताना देशाची सीमा ओलांडत नाही, त्यामुळे त्याला किंबर्लेचा दाखला लागतच नाही.